सुगरणीचे एकवीस कंदील

नदीकाठच्या एका जंगलात, पाण्यावर वाकलेल्या बाभळीवर, एक सुगरण राहत असे. तिच्या घरट्याची वीण इतकी घट्ट, की चार महिने पाऊस कोसळला तरी पिलांच्या अंगावर थेंब पडत नसे. मुलांनो, त्या जंगलात दर दिवाळीला कावळा गावातून कागदी आकाशकंदील उचलून आणी. पण ते दवाने भिजत आणि पाडव्यापर्यंत लोंबू लागत. म्हणून एका दसऱ्याला सुगरणीने सगळ्यांना सांगितले, "यंदा माझे गवताचे कंदील घ्या. आत एकेक काजवा बसेल. एका कंदिलाची मूठभर बाजरी द्या, म्हणजे थंडीत माझ्या पिलांचं भागेल."

एकवीस जणांनी कंदील सांगितले. म्हातारे कासव तर त्यासाठी सकाळपासून चालत आले. "सुगरणबाई, नदीवरून घरी येताना माझं वळण चुकतं गं. त्या वळणावर एक टांगशील?" ते म्हणाले. कावळा मात्र फुरंगटला. "टांगा, टांगा! मी यंदा एकही कंदील आणायचा नाही. मग अंधारात बसलात तर मला हाक मारू नका."

दुसऱ्याच दिवशी काम सुरू झाले. शेजारची खार दातांनी गवताची पाती कापून देई आणि सुगरण विणत बसे. एक पाते वरून, एक खालून, मग चोचीने ठोकून पक्के. संध्याकाळपर्यंत पहिला कंदील तयार झाला. खार म्हणाली, "अगं, यात काजवा बसवून एकदा बघूया का?"

"बघायचं काय त्यात?" सुगरण हसली. "घरटं विणणारीला कंदील अवघड का? तू आपली पाती काप."

वसुबारसेच्या आदल्या दिवशी एकविसावा कंदील बाभळीवर लटकला. सगळे अगदी एकसारखे, गोल आणि गुळगुळीत. तिन्हीसांजेला पहिला काजवा आला आणि खालच्या तोंडातून एका कंदिलात शिरला.

"अरे, बसलास का?" सुगरणीने विचारले.

"बसलो ताई."

"मग पेट ना!"

"पेटलोय की केव्हाचा!"

बाहेर मात्र मिट्ट अंधार. वरच्या फांदीवरून कावळा खो खो हसत सुटला. "काय सुरेख वांगी लागली आहेत बाभळीला! भरून करायची की भाजून?"

ते सुगरणीला फार लागले. एकवीस घरे, कासवाचे वळण, पिलांची बाजरी, सगळे तिच्या डोळ्यांपुढे आले. उद्या संध्याकाळी दिवे लागायचे होते. ती गपचूप कंदिलात शिरली आणि काजव्याशेजारी बसून भिंती निरखू लागली. एका जागी एक पाते सरकले होते, आणि त्या फटीतून काजव्याच्या उजेडाची बारीक रेघ बाहेर पळत होती.

"खारूताई," ती आतूनच म्हणाली, "चुकलं माझं. मी कंदील नाही विणले, घरटीच विणली. पावसाला आत येऊ द्यायचं नाही, ही सवय. पण उजेडाला बाहेर जायचं असतं, हे मी विसरले. उद्या उजाडताच ये. प्रत्येक तिसरं पातं काढायचं."

"आणि कंदील सुटला तर?"

"आधी एकातलं काढू. काजवा बसवून बघू. मग पुढचा."

पहाटेपासून दोघी कामाला लागल्या. आपल्याच हातची घट्ट वीण उसवताना सुगरणीचा जीव तुटत होता, पण पहिल्याच कंदिलातून उजेडाच्या जाळीदार नक्ष्या पानांवर उमटल्या आणि तिला हुरूप आला. खाली काढलेल्या पात्यांचा ढीग साचला. खारीने त्यांच्या जुड्या बांधून प्रत्येक कंदिलाला झिरमिळ्या लावल्या. वाऱ्यावर त्या सळसळू लागल्या.

संध्याकाळी एकवीस ठिकाणी एकवीस कंदील उजळले. कासव नदीवरून हळूहळू निघाले, वळणापाशी थांबले आणि मान लांब करून वर बघत राहिले. "इतकी वर्षं मी या वळणाला शोधायचो," ते म्हणाले, "आज त्यानेच मला हाक मारली." दुसऱ्या दिवशी बाभळीखाली बाजरीची छोटी रास जमली.

तेवढ्यात कावळा फांदीवर येऊन बसला. इकडे बघ, तिकडे बघ, पंख खाजव, असे करून शेवटी म्हणाला, "सुगरणताई, एखादं वांगं उरलंय का गं? आमची फांदी तेवढी अंधारात आहे."

"देते की," सुगरण म्हणाली, "पण जरा थांब. आधी काजवा बसवून बघते."

तात्पर्य : आपला हात कितीही बसलेला असो, नवी वस्तू करताना ती घेणाऱ्याला कशासाठी हवी आहे ते आधी पाहावे, आणि पहिली वापरून पाहिल्यावरच बाकीच्या कराव्यात.