ठकूबाईचा साठ हातांचा नाडा

फार वर्षांपूर्वीची गोष्ट. किती वर्षं म्हणाल तर नेमकं कुणीच सांगत नाही. खडकओढ्याच्या थोरल्या विहिरीवर तेव्हा मोट चालायची, आणि मोटेचा नाडा, म्हणजे तो जाड दोर, कातड्याच्या वाद्या विणून करायचे. विहीर इतकी खोल, की बारा माणसं एकावर एक उभी केली तर शेवटच्याचे डोळे कुठं काठाला लागायचे, असं म्हणतात.

नाडा विणायचा तो म्हातारा आवजी. त्याची नजर अधू झाली आणि त्याच्यामागे शिकलेलं कुणी नव्हतं. तेव्हा ठकूबाई त्याच्या दारात जाऊन बसली. तिनं चाळिशी ओलांडली होती. कातडी कमावायला लागणारी बाभळीची साल तिनं जन्मभर कुटली, पण विणायला वादी कधी हातात घेतली नव्हती. तिला शिकायचं होतं, एवढंच. गाव हसलं. बिरा म्हणून एक पाणबुड्या होता, दर चैत्रात विहिरीत उतरून गाळ काढायचा. तो म्हणाला, आजी व्हायच्या वयात ही शेपट्या विणायला बसली.

शिकणं काही सोपं नव्हतं. पहिला नाडा तिनं वाद्या चिंब भिजवून विणला. वाळल्यावर वाद्या आकसल्या आणि पेडांमधून बोट आरपार जायला लागलं. दुसरा कोरड्या वाद्यांचा विणला, तो वळवताच चिरला. तिसरा जरा जमला, तर वाळत घातला असताना गावच्या कुत्र्यांनी खाऊन टाकला. कुत्र्यांना तरी आवडला, असं म्हणत बिरा आठवडाभर हसत होता. ठकूबाई रडली आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा वाद्या भिजवायला बसली. आवजीनं तिला एकच खूण दिली. वादी गालाला लावून बघायची. गार लागली पाहिजे, ओली लागता कामा नये. तीन वर्षं वाद्या लावून लावून तिचा उजवा गाल कायमचा गार पडला, असं म्हणतात.

चौथ्या वर्षी गावानं विहिरीचा नाडा तिला सांगितला. आठ पेडांचा, साठ हात लांब. तिनं त्यात जीव ओतला. शेवटच्या हातावर आली आणि तिच्या लक्षात आलं, की दहा हात मागं एक पेड दोन पेडांखालून जायचा तो एकाखालूनच गेलाय. असं चुकलं की उपाय एकच, तिथपर्यंत सगळं उकलायचं. त्याला चार दिवस हवे होते, आणि गाळ काढायचं तर दुसऱ्याच सकाळी ठरलं होतं. तिनं तो पेड ओढूनताणून बसवला, वरून चरबी चोळली. जागा दिसेनाशी झाली. आवजीनं नाडा हातांतून फिरवला आणि मान डोलवली. गावानं वाहवा केली. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच लोक तिला चांगलं म्हणत होते, आणि ते तिला सोडवेना. आपल्यापैकी कुणाला सोडवलं असतं?

सकाळी बिरानं नाडा कमरेला बांधला. ज्यानं हसून हसून तिचा जीव नकोसा केला होता, तोच काही न विचारता तिच्या नाड्यावर लोंबकळत खाली उतरला. त्याचे पाय तळाला लागले तेव्हा चुकलेली जागा विहिरीच्या काठाखाली हातभर आली होती. ठकूबाई काठावर उभी होती. त्या जागेवरून तिची नजर हटेना. खाली बिरा गाळ उपसत होता, तोच झरा मोकळा झाला. पाणी उसळलं, बघता बघता छातीला लागलं, आणि त्यानं वर ओढा म्हणून नाडा हलवला. सहा गड्यांनी नाडा धरला. तेव्हा ठकूबाई बोलली.

"थांबा. माझा नाडा चुकलाय. हितं, काठाखाली. मला कालच ठावं हुतं."

कुणाला काहीच दिसत नव्हतं. दुसरा धड नाडा गावात नव्हता आणि पाणी तर चढत होतं. ठकूबाई काठावर पालथी पडली. पाय गड्यांना धरायला लावले, आणि खाली वाकून एका हातानं चुकीच्या वर, एका हातानं चुकीच्या खाली नाडा आवळला. ओढा म्हणाली. गड्यांनी ओढला, आणि तिच्या दोन मुठींमध्ये नाडा तुटला. तेवढ्या जागी नाडा नव्हता, ठकूबाईच होती, असं म्हणतात. तिला तशीच मागं खेचली, खालचा नाडा गड्यांच्या हाती आला आणि बिरा वर निघाला. त्या दिवशी तिचे हात वीतभर लांब झाले, ते पुन्हा कधी आखूड झाले नाहीत.

ठकूबाईनं आपली वाद्या कापायची सुरी आवजीपुढं ठेवली आणि घराकडं निघाली. तिला कुणी अडवलं नाही. अडवलं ते बिरानं. तो चिखलानं माखलेला होता.

"काल का न्हाई सांगितलंस?"

"लोक चांगलं म्हणत हुती," ती म्हणाली.

बिरानं तोंडावरचा चिखल पुसला. मग म्हणाला, "पुढला नाडाबी तूच इन, मावशे. दुसऱ्याचा कुठं तुटंल ते मला कोन सांगनार?"

पुढं तिनं किती नाडे विणले त्याची मोजदाद नाही. प्रत्येक नाडा देताना ती चुकलेल्या जागेवर बोट ठेवायची, आणि मगच तो चाकावर चढायचा.

आता मोट गेली, वाद्या गेल्या. पण खडकओढ्यात अजून कुणीही काही नवं केलं, भिंत बांधली, पाळणा केला, की थोरल्या विहिरीपाशी त्याला विचारतात, कुठं चुकलं? कुठंच नाही म्हणणाऱ्याचं काम घेत नाहीत. मागं तालुक्याचा मेकॅनिक विहिरीवर मोटर बसवायला आला. त्यालाही विचारलं. तो हसला, सगळं ठीक आहे म्हणाला. पाण्याला आलेल्या बायांनी त्याला बटण दाबू दिलं नाही. वैतागून तो मोटरीभोवती दोनदा फिरला, मग उकिडवा बसला, पान्यानं एक बोल्ट आवळला आणि म्हणाला, "हा जरा सैल राहिला होता."

मग ठकूबाईच्या नावानं नारळ फोडला, आणि पाणी वर आलं.