तोंडातलं बोट

निंबगडच्या नवाबसाहेबांना कशाचंच नवल वाटत नसे, आणि हे ते रोज दहा जणांना ऐकवत. एकदा त्यांनी रहमतबी चितारणीला एका जुन्या इराणी प्रेमकथेचं चित्र काढायला सांगितलं. झऱ्याकाठी राजपुत्र राजकन्येला पहिल्यांदा पाहतो, तो प्रसंग. राजपुत्राला चेहरा नवाबांचा, राजकन्येला बेगमसाहेबांचा.

खारीच्या केसांचा कुंचला घेऊन रहमतबी वर्षभर खपली. तळहाताएवढं चित्र दरबारात आलं आणि नवाब भडकले.

"माझ्या तोंडात बोट? मी काय तान्हं बाळ आहे? आत्ताच्या आत्ता पूस, नाहीतर तुझी बोटं छाटीन!"

इराणी रीतीच्या चित्रांत थक्क झालेला माणूस असाच काढतात, पण हे सांगून नवाब थोडेच ऐकणार होते? रहमतबीने कुंचला ओला केला.

"पुसते, हुजूर. फक्त पडद्याआड बेगमसाहेब बसल्यात, त्यांच्यासमोर एकदा सांगा. त्यांना पहिल्यांदा पाहिलंत तेव्हा आपल्याला काहीच नवल वाटलं नव्हतं ना?"

पडद्याआड वाजणाऱ्या बांगड्या एकदम थांबल्या.

नवाबांनी कपाळाचा घाम पुसला.

"थांब! एकच बोट का काढलंस, कंजूष बाई? चांगली दोन घाल!"