मुंगूस बाहेर बसलं तेव्हा

जनावरं ओढ्याकाठी कबड्डी खेळायची, तेव्हाची गोष्ट. मुंगूस कप्तान, पण भारी तापट. कुणी बाद झालं की म्हणायचं, "झालं, बुडवलंस आम्हाला." त्या धाकानं ससा चढाईला जायचा आणि रेषेजवळूनच माघारी यायचा. संघ दरसाल हरायचा.

त्या साली माकडांशी शेवटचा डाव होता, आणि खुद्द मुंगूसच पकडलं गेलं. आता बोलणी खायची, म्हणून मान खाली घालून बाहेर बसलं.

ससा म्हणाला, "दादा, दम घ्या. तुम्हाला आत आणायला मी जातो."

गडी थेट माकडांत घुसला, एकाला शिवून परतला. मुंगूस आत आलं.

माकडं त्या दिवशी हरली खरी, पण त्याआधी ससाही एकदा पकडला गेला. मुंगसाच्या तोंडाशी जुनंच बोलणं आलं होतं. ते गिळून मुंगूस म्हणालं, "बस रे राजा. आता तुला आणायला मी जातो."