आवडाबाईची टेकणपूजा

चौदा भुवनांत जेवढी म्हणून शांतता आहे तिची जननी श्रीनिवाईदेवी होय, आणि तिच्या दारातून आजवर एकही भक्त विन्मुख परतलेला नाही. हे अक्षरशः खरे आहे. ज्या काळची ही कथा, त्या काळी तिच्या दारात बरीच वर्षे कोणी गेलेलेच नव्हते.

अपवाद दोन. एक श्री उगीमहाराज आणि दुसरी आवडाबाई.

महाराजांचा मुक्काम तेव्हा आभाळगडच्या राज्यात, धुकटणे या डोंगरगावी, निवाईच्या देवळातच होता. त्या मुलखाला चंद्र दोन. त्यांचेही आपसात फारसे जमत नसे. वर्षातून एकदाच ते समोरासमोर उगवत, त्या दिवसाला चंद्रभेट म्हणत. महाराजांचे मूळ नाव कोणाला ठाऊक नाही. कोणी रडत आले की ते शेजारी बसत आणि "उगी, उगी" एवढेच म्हणत. उपदेश नाही, अंगारा नाही, नवस नाही. त्यामुळे भक्तांना बरे वाटे, पण शिष्यशाखा काही वाढली नाही.

निवाईला फुले चालतात, नारळ चालतो, पण तिची खरी पूजा एकच, टेकणपूजा. दोन माणसांनी देवीसमोर पाय पसरून, एकमेकांकडे पाठ करून बसायचे आणि एकमेकांवर रेलायचे. हात जमिनीला लावायचे नाहीत. पुढे उभे राहून कोणीतरी देवीचे स्तोत्र म्हणायचे, आणि ते संपेपर्यंत दोघांनी एकमेकांना तोलून धरायचे. एवढेच. ज्याच्याकडे आपण निर्धास्तपणे पाठ करू शकतो त्याच्याशी आपली लढाई संपली, असा देवीचा साधा हिशेब होता.

पण डोंगराखालच्या पाणथर राज्याशी आभाळगडची लढाई इतकी लांबली होती, की धुकटण्यात कोणी कोणाकडे पाठ करीनासेच झाले. लोक बाजारात जात ते भिंतीच्या कडेकडेने. पंगतीत मधली जागा कोणी घेत नसे. लग्नात नवरानवरी मांडवातून उलट पावली बाहेर पडत, आणि वडीलधारे त्यांचे कौतुक करीत. अशा गावात टेकणपूजा कोण करणार?

त्यातून आवडाबाई पाणथरची. लढाईच्या मधल्या एका तहात ती लग्न होऊन वर आली. तह मोडला, लढाई पुन्हा जुंपली, आणि एकाच दिवशी तिचा नवरा एका बाजूने पडला आणि भाऊ दुसऱ्या बाजूने. दोन्ही राज्यांत मोठ्या शोकसभा झाल्या. तिला कुठलेच बोलावणे नव्हते.

तेव्हापासून ती रोज देवळात येई. दिवा लावी आणि सभामंडपातल्या खांबाला पाठ टेकून थोडा वेळ बसे. चंद्रभेटीला होणारी वर्षाची टेकणपूजाही ती तशीच करी. स्तोत्र पाठ असलेले महाराज एकटेच, ते समोर उभे राहिल्याशिवाय पूजा होत नसे. म्हणून त्यांना तिच्यासोबत बसता येत नसे. खांबाबद्दल त्यांनी कधी हरकत घेतली नाही. ते म्हणत, "खांबही एका परीने कोणीतरी आहेच, आवडे."

हरकत घेतली ती सरलष्कर हैबतराव कातळ्यांनी.

सरलष्कर म्हणजे मोठे प्रस्थ. उंच शिंगांच्या लढाऊ एडक्यावर बसून ते गावातून निघाले की लोक पायऱ्यांवर चढून उभे राहत. अंगावर पुढून लोखंड, मागून त्याहून जाड लोखंड. त्यांना भाले ठेवायला कोरडी जागा हवी होती, आणि धुकटण्यात न गळणारी इमारत एकच होती.

"महाराज," देवळाच्या चौकटीला पाठ लावून सरलष्कर म्हणाले, "ज्या वर्षी टेकणपूजा चुकेल त्या वर्षी देवीचे ठाणे उठले असे समजावे, ही तुमच्याच देवीची रीत ना?"

"हो बाबा, तशी रीत आहे."

"मग ते कधीच उठलंय. खांबाशी टेकणं ही काय पूजा झाली? उद्या ही बाई खांबाशी लग्न लावील आणि तुम्ही अक्षता टाकाल!"

बरोबरचे शिलेदार हसले. आवडाबाई दिव्यात तेल घालत होती. तिने वर पाहिले नाही.

"यंदा चंद्रभेटीच्या दिवशी दोन माणसं बसलेली मला दिसली पाहिजेत," सरलष्कर म्हणाले. "हाडामांसाची. नाही दिसली, तर मूर्ती कोठारात आणि भाले गाभाऱ्यात. आणि बाई, तुम्ही खाली आपल्या पाणथरला. काय?"

"तिथं माझं कोणी नाही उरलं," आवडाबाई म्हणाली.

"इथं तरी कोण आहे?"

सरलष्कर उलट पावली बाहेर पडले.

"महाराज, मला दुसरं काही नको," ती मग म्हणाली. "टेकायला एवढीच जागा आहे मला."

"उगी," महाराज म्हणाले. "विचारून तर बघ लोकांना."

तिने विचारले. घरोघर गेली. तांबटीण म्हणाली, "अगं, बसले असते की! पण माझी पाठ धरलीय ना." शेजारची वेणूकाकी शहाणी बाई होती, तिने सबब सांगितली नाही. "तू वाईट नाहीस गं. समोरून आलीस तर ताटावर बसवीन. पण माझ्या पाठीमागं तू नको. माझा लेक गेलाय तिकडं खाली." आवडाबाई म्हणाली, "माझाही भाऊ गेला, काकी." वेणूकाकी म्हणाली, "तेच म्हणते मी." आणि दार लावून घेतले, तेही तोंड तिच्याकडे ठेवूनच.

चंद्रभेटीचा दिवस उजाडला. दुपारपासूनच देवळात गर्दी झाली. इतकी वर्षे ज्यांना देवीची आठवण नव्हती, ते सारे देवी उठताना पाहायला आवर्जून आले होते. चारी भिंतींना पाठी लावून माणसे दाटीवाटीने उभी होती, आणि मधला सगळा मंडप मोकळा होता. सरलष्कर दाराशी होते. बाहेर भाल्यांच्या गाड्या येऊन थांबल्या होत्या.

दिवस कलला. एक चंद्र पूर्वेच्या डोंगरावर आला, दुसरा पश्चिमेच्या. आवडाबाई खांबाकडे निघाली.

"अहं!" सरलष्कर म्हणाले. "मध्ये बसायचं. खांबाला आज सुट्टी."

ती मंडपाच्या मधोमध जाऊन उभी राहिली. "कोणी येता का?" तिने विचारले. आवाज मोठा नव्हता, पण ऐकू सगळ्यांना गेला. कोणी वर पाहू लागले, कोणी पायाची बोटे. वेणूकाकीने पदराचा काठ नीट केला.

आवडाबाई खाली बसली. पाय पसरले, हात मांडीवर घेतले. महाराजांनी तिच्याकडे पाहिले. तिने मान डोलावली. महाराजांनी स्तोत्र सुरू केले, आणि ती मागे रेलली.

आता ही पडणार म्हणून सारे गाव पुढे वाकले. काहींनी हसण्याची तयारी केली होती.

ती पडली नाही!

जमिनीवर ना हात, ना कोपर. मागे मोकळी हवा, आणि त्या हवेवर आवडाबाई सुखाने रेलून बसली होती. कित्येक वर्षांत नीट झोप न मिळालेल्या माणसासारखे तिने डोळे मिटून घेतले होते. स्तोत्राची दोन कडवी झाली, तिसरे झाले. कोणी श्वास घेईना. धन्य ती माउली, आणि धन्य तिचा भरवसा!

सरलष्कर मात्र अनुभवी गृहस्थ. चमत्कार पाहिला की आधी दोरी शोधावी हे त्यांना पक्के ठाऊक. ते तरातरा आले आणि त्यांनी हातातली काठी आवडाबाईच्या पाठीमागून फिरवली. काठी कशाला तरी अडली.

"हळू की रे," कोणीतरी म्हणाले.

आवाज बाईचा होता, थकलेला होता, आणि आवडाबाईचे ओठ मिटलेले होते. सरलष्करांनी हात पुढे केला. हाताला एक खांदा लागला. हडकुळा होता, ऊबदार होता, आणि दिसत मात्र नव्हता.

"कोण आहे?" सरलष्करांनी दरडावून विचारले. निदान त्यांचा तसा बेत होता.

"माझ्या देवळात मीच असणार ना? ये, आलास ते बरं झालं. दिव्याची वात सारायची राहिलीय, विझेल तो. मला उठता येत नाही, मी उठले तर ही पडेल. तू बस जरा माझ्या जागी."

"मी? पाणथरच्या बाईला पाठ देऊ?"

"मग वात तरी सार. पण गाभाऱ्यात जायचं तर या सगळ्यांकडे पाठ करावी लागेल तुला."

सरलष्करांनी मागे पाहिले. चारी भिंतींना गाव उभे होते. त्यांनी आयुष्यात अनेक वेढे पाहिले होते, पण असा नाही.

महाराज स्तोत्र थांबवून म्हणाले, "सरलष्कर, शेवटचे कडवे राहिले आहे आणि मला खोकला येतो आहे. काय ते लवकर ठरवा."

सरलष्कर खाली बसले.

"ते लोखंड काढ आधी," देवी म्हणाली. "टोचेल तिला."

त्यांनी बंद सोडले. पाठीवरचे लोखंड घणघणत फरशीवर पडले. क्षणभरात ते हवेतले कोणी बाजूला सरले, आणि आवडाबाईचे वजन त्यांच्या पाठीवर आले. फारसे नव्हते.

"नुसतं बसून नाही व्हायचं," आवडाबाई डोळे न उघडता म्हणाली. "तुम्हीपण टेका. नाहीतर दोघं पडू."

"कसं टेकायचं?"

आभाळगडच्या सरलष्करांनी हा प्रश्न खरोखर विचारला. जमलेल्यांपैकी कोणी हसले नाही, कारण उत्तर कोणालाच येत नव्हते.

"खांदे सोडा. हां. अजून थोडे. मी आहे."

गाभाऱ्यात वात आपोआप पुढे सरली आणि ज्योत स्थिर झाली. महाराजांनी शेवटचे कडवे म्हटले, आणि ते नेहमीपेक्षा बऱ्याच सावकाश म्हटले.

"सरलष्कर," आवडाबाई हळूच म्हणाली, "तुमचा अंगरखा पाठीत उसवलाय. लागतोय मला. केव्हापासून?"

"ठाऊक नाही."

"कोणी सांगितलं नाही?"

"पाठीमागे कोणी येत नाही माझ्या," सरलष्कर म्हणाले. "मीच येऊ देत नाही. झोपतोसुद्धा भिंतीला लागून." मग ते म्हणाले, "फार गार असते हो भिंत."

आणि तो एवढा मोठा माणूस लहान मुलासारखा रडू लागला. महाराज येऊन शेजारी बसले. "उगी," ते म्हणाले, "उगी, उगी." स्तोत्र संपले होते, तरी ते दोघे तसेच टेकून राहिले. दोन्ही चंद्र वर आले, गाव हळूहळू पांगले, तरी दोघांपैकी कोणी उठले नाही. शेवटी सरलष्कर उठले. त्यांनी देवीपुढे लोटांगण घातले, आणि मग वळून आवडाबाईच्या पायांवर डोके ठेवले. भाल्यांच्या गाड्या परत गेल्या.

त्या दिवसापासून सरलष्करांसारखा निवाईभक्त साऱ्या मुलखात झाला नाही. त्यांनी कळस चढवला, चांदीची महिरप केली, पुजारी नेमले, स्तोत्राला सुस्वर गाणारे ब्राह्मण ठेवले. महाराजांचा खोकला स्तोत्रात येऊ लागला तेव्हा ते पुढच्या गावी मुक्कामाला गेले. चमत्काराची वार्ता पसरली तशी गर्दी आवरेना. म्हणून सरलष्करांच्या अध्यक्षतेखाली पंचमंडळ बसले आणि त्याने नियम केले. पहिल्या टेकणाचा मान सरलष्कर आणि प्रधानजींचा असतो. इतरांना जोडीनेच आत सोडतात.

एकट्याने येणाऱ्यांसाठी बाहेर, चपला ठेवतात त्याच्या पलीकडे, एक ओटा बांधला आहे. आवडाबाई तिथे बसते.