भुकेला शालू

एका राज्यात सुई बाळगणे हा गुन्हा होता.

पूर्वी तसे नव्हते. पण राजा धवलकीर्ती गादीवर बसला, त्या दिवशी परमुलखाच्या वकिलाला त्याच्या शेल्यावर एक ठिगळ दिसले. राजाच्या आजीने ते आपल्या हाताने, बारीक टाक्यांनी लावलेले होते. वकील हसला. दरबार उठला, वकील गेला, पण ते हसू राजाच्या कानात राहिले.

मग मांत्रिक शून्यकेतू आला. त्याने सोन्याचा पेटारा आणला. पेटाऱ्यात हात घातला की कोरे वस्त्र बाहेर येई. त्याला ना शिवण, ना टाका, ना गाठ. मांत्रिकाची अट एकच होती. "महाराज, राज्यात ठिगळ उरता कामा नये. जिथे ठिगळ लागेल, तिथे माझा पेटारा आटेल."

राजाने दवंडी पिटवली. शिपायांनी घरोघरच्या सुया गोळा करून मांत्रिकाच्या हवाली केल्या. जुनी लुगडी, धोतरे, कुंच्या, गोधड्या वेशीबाहेर जाळल्या. आणि वर हुकूम काढला की यापुढे प्रत्येक नवरीने पेटाऱ्यातलाच शालू नेसायचा.

त्या राज्यात हौसाबाई नावाची एक बाई होती. वीस वर्षे ती गोधड्या शिवून पोट भरत होती. तिचा टाका तांदळाएवढा, आणि दोन टाक्यांतले अंतरही तांदळाएवढेच. तिच्या घराण्यात एक रीत होती. गोधडीची चौथी बाजू शिवण्याआधी भाकरीचा तुकडा चिंधीत गुंडाळून आत ठेवायचा. "गोधडीला पोट असते," तिची सासू सांगे. "ते रिकामे ठेवलेस, तर ती अंगावरच्या माणसाची ऊब खाईल." कोऱ्या वस्त्रालाही ती हीच रीत करी. काठाला आतून बोटभर जुनी चिंधी लावायची, तिच्यात भाकरीचा कण ठेवायचा, आणि मगच ते वस्त्र लेकीच्या अंगावर घालायचे.

हौसाबाईची लेक केवडा. तिचे लग्न त्या वर्षीच्या पहिल्या मुहूर्तावर होते. एकाच मुहूर्तावर राज्यात एकशे आठ लग्ने होती. सकाळी शिपाई शालू घेऊन आला आणि दारातच उभा राहिला. हौसाबाईच्या मुठीत चिंधी होती, चिंधीत भाकरीचा कण होता.

"काय आहे हातात, बाई?" शिपायाने विचारले.

"काही नाही," हौसाबाई म्हणाली, आणि तिने चिंधी कमरेला खोचली. शालूचा काठ तसाच राहिला.

मंगलाष्टके झाली. अंतरपाट दूर झाला. पाटावर शालू ताठ उभा होता आणि शालूत कोणी नव्हते. पदरावर जरीत विणलेली, वीतभर उंचीची केवडा दिसत होती. तिच्या हातात वरमाला होती.

एकशे आठ मांडवांत एकाच क्षणी हेच घडले. "शालू सरकारी आहे," म्हणत शिपायांनी घडी घातली आणि सगळे शालू जामदारखान्यात नेऊन कुलूप लावले.

एकशे सात घरांत रडारड झाली. हौसाबाई रडली नाही. तिने अंगणातली चूल पायाने लाथाडली, पदर खोचला आणि ती राजवाड्यावर चालू लागली.

राजाचे डोळे लाल होते. पेटाऱ्यातली उशी घेतल्यापासून त्याला झोप नव्हती.

"महाराज, माझी लेक द्या," हौसाबाई म्हणाली.

"बाई, मांत्रिक सांगतात, मुली वस्त्रांत सुखी आहेत."

"माणसाने वस्त्र अंगात घालायचे असते, महाराज. वस्त्राने माणूस पोटात घालायचा नसतो."

मांत्रिक हसला. अगदी त्या वकिलासारखा हसला. "चिंध्या जोडणाऱ्या बाईची जीभ बरीच लांब आहे. तीन वस्तू शिवून आण. जमल्या तर लेक ने. नाही जमल्या तर तूही जरीत विणलेली माझ्या पडद्यावर शोभशील. पहिली वस्तू बटवा. त्यात वारा कोंडला तर निसटता कामा नये."

"एवढ्यापुरती शिवणकामाला परवानगी आहे," राजा म्हणाला. "माझा शब्द आहे."

"तुमचा शब्द टिकेल असा शिवलेला असू दे," हौसाबाई म्हणाली आणि पाठ फिरवून निघाली.

घरी ना सुई होती, ना दोरा, ना जुने कापड. अंगणात उंबराखाली ती बसली. वरून आवाज आला, "रडतेस काय गं?"

फांदीवर बोटाएवढी हिरवी शिंपीण बसली होती. पाने शिवून घरटे करणारे पाखरू ते हेच.

"रडत नाही. संतापाने डोळे गळतात."

"मग ठीक. रडणाऱ्यांना मी सुई देत नाही. पाने शिवली म्हणून शिपायांनी माझेही घरटे फाडले. आत तीन अंडी होती." शिंपिणीने चोचीतून बाभळीचा काटा टाकला. त्याच्या जाड टोकाला तिने नेढे पाडले होते. "कापड काय घेशील?"

हौसाबाईने घरभर नजर फिरवली. शिपायांनी सगळे नेले होते, पण जमीन पुसायचे पोतेरे नेले नव्हते. पोतेऱ्याला वस्त्र कोण म्हणतो? ते पूर्वी तिच्या सासूचे लुगडे होते. तिने ते सात पाण्यांत धुतले आणि त्याच्याच काठातून दोरा उसवून काढला. वीतभर रुंद आणि दीड वीत लांब असे दोन तुकडे घेतले. आधी सुलट बाजूने शिवले, कडा बारीक कातरल्या, मग उलटवून पुन्हा शिवले. त्यामुळे कापडाची कच्ची कड शिवणीच्या आत बंद झाली. तोंडाशी दुमड घातली आणि तिच्यातून दोन नाड्या ओवल्या, एक डावीकडून, दुसरी उजवीकडून. दोन्ही ओढल्या की तोंड मिटे.

दरबारात मांत्रिकाने बटव्यात फुंकर घातली. हौसाबाईने नाड्या ओढल्या. तीन घटका गेल्या, बटवा टच्च फुगलेलाच राहिला. मग तिने नाड्या सोडल्या. वारा सुसाटत बाहेर आला आणि प्रधानजींची पगडी कारंज्यात जाऊन पडली.

"दुसरी वस्तू," मांत्रिक दातओठ खात म्हणाला. "महाराजांना झोप लागेल अशी उशी."

हौसाबाईने राजाची उशी हातात घेतली. ती थंडगार होती, आणि हात ठेवताच बोटांतली ऊब ओढू लागली. हौसाबाईने हात झटकला.

"हिला तुमच्या घरचे जुने वस्त्र हवे, महाराज."

"जुने वस्त्र राज्यात उरलेले नाही."

हौसाबाईने ती थंड उशी त्याच्यापुढे धरली. राजाने सर्वांना बाहेर घालवले. मग गादीखाली हात घालून त्याने एक शेला काढला. त्यावर आजीचे ठिगळ होते.

हौसाबाईच्या कानशिलात रक्त चढले. "रयतेच्या सगळ्या गोधड्या जाळल्यात. माझ्या केवडाची कुंची जाळलीत. आणि स्वतःच्या आजीचे ठिगळ गादीखाली जपलेत?"

राजाने मान खाली घातली.

"मान वर करा. माप घ्यायचे आहे."

तिने शेल्याची एकच लांब पट्टी घेतली. अभ्र्यासारखी उशीला गुंडाळली, एक टोक वीतभर जास्त ठेवले आणि दोन बाजू शिवल्या. जास्तीचे टोक आत खोचले की झाप तयार. बटण नको, बंद नको. ठिगळ बरोबर गालाखाली येईल असे तिने बसवले, आणि ठिगळाची एक कड उसवून आत भाकरीचा तुकडा ठेवून पुन्हा टाचली.

उशी ऊबदार झाली. राजा झोपला तो दुसऱ्या दिवशी दुपारी उठला. त्याच दुपारी पेटाऱ्यातून एकाच बाहीचा अंगरखा निघाला.

तेव्हा हौसाबाईच्या ध्यानात आले. मांत्रिकाच्या एकपदरी कापडाला पोट नव्हते, भूक तेवढी होती. ठिगळ लागले की दोन पदर होतात, आणि दोन पदरांत पोट होते. पोट भरले की ते माणसाला सोडते. म्हणून मांत्रिकाला ठिगळाची भीती.

मांत्रिकाने एकबाही अंगरखा पाहिला होता. त्याने तिसरी वस्तू सांगितली. "जामदारखान्याच्या दाराला तोरण. पाने एकशे आठ. दोन पाने एका कापडाची नकोत. उद्या सूर्योदयाला बस, सूर्यास्ताला बांध."

हौसाबाई पाणवठ्यावर गेली. तिथे लेकी गेलेल्या आया घागरी भरत होत्या. तिने कापड मागितले. कोणी मान वर केली नाही.

शेवटी सगुणाबाई बोलली. तिची धाकटी शालूत गेली होती. "हौसे, तुझ्या हट्टापायी आमच्या दारी शिपाई यायचे."

"यायचे? ते येऊन गेले, सगुणा! लेक घेऊन गेले. आता न्यायला काय उरलेय तुझ्या घरात, पोतेरे?"

 सगुणाबाईने घागर दाणकन आपटली. "पोतेरे आहे. आणि लोणच्याच्या बरणीचा दादराही आहे."

"माझ्याकडे पुरण गाळायचे फडके आहे," दुसरी म्हणाली.

"माझ्या पोरीची कुंची मी धान्याच्या कणगीत लपवलीय," तिसरी हळूच म्हणाली.

"मग हळू कशाला बोलतेस? मोठ्याने सांग!" हौसाबाई ओरडली.

सूर्योदयाला सगळ्या उंबराखाली जमल्या. शिंपिणीने आपले सगळे गोत बोलावले, आणि उंबरावरून बाभळीच्या काट्यांचा पाऊस पडला. हौसाबाईने एकदाच सांगितले. "वीतभर चौकोन घ्या. तिरपा दुमडा, की त्रिकोण. पुन्हा दुमडा, की लहान त्रिकोण. मध्ये आपोआप खिसा होतो. त्यात भाकरी ठेवा, तोंडाला तीन टाके घाला. आणि भिऊन हात मागे घेऊ नका. मी एकदा घेतला होता."

सूर्य कलताना तोरण दाराला लागले. मांत्रिकाने पाने मोजली. पुन्हा मोजली. त्याचा चेहरा उजळला.

"एकशे सात!"

बायकांनी एकमेकींकडे पाहिले. प्रत्येकीने आपल्या लेकीचे पान केले होते. हौसाबाईच्या घरातले एकुलते एक कापड बटव्यात गेले होते. शिकवण्याच्या गडबडीत तिचे स्वतःचे पान राहून गेले होते.

हौसाबाईने कमरेला हात घातला. लग्नाच्या सकाळी खोचलेली चिंधी तिथेच होती. मळलेली, बोटभर, आणि आत वाळून दगड झालेला भाकरीचा कण. तिने ती तिथेच त्रिकोणी दुमडली, तीन टाके घातले आणि दोरीला टाचली.

"हे एकशे आठ."

"एवढेसे?"

"मापाची अट नव्हती."

"नव्हती," राजा म्हणाला. "दार उघडा."

आत एकशे आठ शालू टांगले होते. प्रत्येक पदरावर एकेक मुलगी होती. "एकच लेक, एकच शालू!" मांत्रिक ओरडला. हौसाबाईने आपले बोटभर पान तोरणातून तोडले आणि केवडाच्या पदराला ठिगळ म्हणून लावले. शेवटचा टाका पडला तसा शालू जडशीळ झाला, आणि केवडा त्याच्यातून उठून उभी राहिली. तिच्या हातातली वरमाला सुकली होती.

"आई," ती म्हणाली, "तू काठाला काही लावले नव्हतेस."

"भ्याले गं," हौसाबाई म्हणाली. एवढे म्हणताना तिचा आवाज फुटला. मग ती गर्रकन वळली. "आणि तुम्ही काय बघत उभ्या? शिवा!"

एकशे सात आया तोरणावर तुटून पडल्या. शिपाई पुढे सरले, पण एकशे सात काटे पाहून भिंतीला टेकले. राजा बाजूला सरला. एकेक टाका पडे आणि एकेक मुलगी उठे. तिकडे पेटारा तडकू लागला. मांत्रिकाने मंत्र म्हटला, तो वारा झाला आणि खिडकीकडे धावला. हौसाबाईने कमरेचा बटवा उघडून वाटेत धरला. वारा आत शिरला. तिने डावी नाडी ओढली, उजवी नाडी ओढली.

आतून बारीक आवाज आला, "हौसाबाई, दया कर. सोन्याची सुई देतो."

"माझ्याकडे काटा आहे," ती म्हणाली आणि बटव्याचे तोंड दुहेरी शिवून टाकले.

पेटारा फुटला. आतून राज्यातल्या साऱ्या सुया खळखळत बाहेर आल्या.

राजा पुढे आला. "बाई, मला क्षमा कर. मागशील ते देतो."

"जळलेली कुंची द्या."

राजाने आपल्या रिकाम्या हातांकडे पाहिले.

"मग क्षमा मागू नका. सुई धरा. तो एकबाही अंगरखा आणा आणि त्याची दुसरी बाही लावा."

राजाने भर दरबारात बाही लावली. दोनदा बोट टोचले.

"टाका वाकडा आहे," हौसाबाई म्हणाली. "उसवा. पुन्हा."

तिसऱ्यांदा तो सरळ आला. त्या अंगरख्यातच राजा पुढे न्यायाला बसू लागला, आणि परमुलखाचे वकील आले की उठून आधी बाही दाखवू लागला.

पुढच्या मुहूर्ताला केवडाचे लग्न पुन्हा लागले. दारात तोच शिपाई पहाऱ्याला होता. हौसाबाई त्याच्यासमोर जाऊन उभी राहिली आणि तिने मूठ उघडली.

"विचार, काय आहे हातात."

शिपायाने खाली पाहिले. "काय आहे, मावशी?"

"भाकरी," हौसाबाई म्हणाली आणि आत जाऊन तिने लेकीच्या शालूला पोट शिवले.

अंतरपाट दूर झाला. केवडा समोर उभी होती. उंबरावर शिंपिणीने नवे पान शिवायला घेतले होते. त्या राज्यात आजही कोरे वस्त्र कोणी उपाशी नेसत नाही, आणि जामदारखान्यात एक बटवा टांगलेला आहे, फुगलेला. त्याची शिवण अजून सुटलेली नाही.