बुरुड आळीला लावलेला शब्द

"एका शब्दाचा अर्थ वाचायचा आणि खाली सही करायची. त्याला एवढा वेळ का लागावा, गुरुजी?"

हेरंबने हे तिसऱ्यांदा विचारलं. तिसऱ्यांदा तांबोळी गुरुजी लव्हाळ्याच्या काडीनं पानवेल शेवग्याला बांधत राहिले.

"आधी बूट काढ," ते म्हणाले. "पानमळ्यात बाहेरची माती आणत नाहीत."

हेरंबने बूट काढले. मोज्यांवर उभा राहिलेला साहेब जरा केविलवाणा दिसतो. पण त्याचा तोरा कमी झाला नाही.

तोरा का नसावा? शाळेत असताना इंग्रजीत तो जिल्ह्यात पहिला आला होता, आणि ते इंग्रजी शिकवलं होतं याच गुरुजींनी. आता गुरुजी निवृत्त होऊन वडिलांचा पानमळा सांभाळत होते आणि हेरंब तालुक्याच्या नगरपालिकेत नगररचनेचा साहेब झाला होता.

त्याच्या काखेत चाळीस पानांचा अहवाल होता. विषय, शहरातली बुरुड आळी. टोपल्या, सुपं, करंड्या विणणाऱ्यांची त्रेसष्ट घरं.

पहिल्याच पानावर त्यानं लिहिलं होतं की ही आळी 'ब्लायटेड' आहे. बाकीची एकोणचाळीस पानं त्या एका शब्दाच्या पाठीशी उभी होती.

आळीतल्या लोकांनी हरकत घेतली. हरकत साधी होती. आमच्या आळीला जो शब्द लावलाय तो आम्हांला कळत नाही. तो मराठीत सांगा, आणि तांबोळी गुरुजींच्या सहीनं सांगा. साहेबांच्या सहीवर आमचा विश्वास नाही.

मुख्याधिकाऱ्यांनी ते मान्य केलं. मुदत आज पाचपर्यंत. गुरुजींची सही आली की हरकत निकालात निघणार होती आणि सोमवारी आळीत बुलडोझर शिरणार होता.

आळीच्या वतीनं गोदाक्का आली होती. दोन्ही बाजू हजर हव्यात म्हणून ती आणि हेरंब एकाच जीपमधून आले. अकरा किलोमीटर... आणि दोघांनी एकमेकांकडे पाहिलंसुद्धा नाही.

आता ती मळ्याच्या बांधावर अनवाणी बसली होती. या मळ्याला पानांच्या करंड्या तिच्याच घरून येत. तीस वर्षं येत होत्या.

गुरुजींनी हात पुसले. "दाखव."

हेरंबने कागद पुढे केला. त्यावर टाइप केलं होतं, 'ब्लाइट म्हणजे रोग. ब्लायटेड वस्ती म्हणजे रोगट वस्ती.' खाली सहीसाठी जागा.

"रोगट," गुरुजी म्हणाले.

बांधावर गोदाक्काची मान खाली गेली. तिला वाटलं, संपलं.

"बरोबर आहे ना?" हेरंब म्हणाला. "तुम्हीच शिकवलंत, शब्दाला हात घालण्याआधी कोश उघडावा. मी चार उघडले."

"मग सांग. शहराला लागण्याआधी हा शब्द कुणाचा होता?"

हेरंब खूश झाला. हुशार विद्यार्थ्याला आवडता प्रश्न विचारला की तो घड्याळ विसरतो.

"माळ्यांचा. इंग्लंडातल्या शेतकऱ्यांचा आणि माळ्यांचा. चारशे वर्षांपूर्वी तो त्यांच्या बोलण्यातून पुस्तकांत आला."

"त्याआधी?"

"त्याआधीचं सापडत नाही. कोश सांगतात, मूळ अज्ञात."

"म्हणजे याचे आईबाप कोण, ते कुणालाच ठाऊक नाही. बरं. आणि शहरात कधी आला?"

"गेल्या शतकात, अमेरिकेत. एखादा भाग खंगायला लागला की नगररचनाकार त्याला ब्लाइट म्हणू लागले. पुढे तो कायद्यात शिरला. भाग ब्लायटेड ठरला की जागा ताब्यात घेता येते, सगळं पाडून नवं बांधता येतं. ताकदीचा शब्द आहे, गुरुजी."

"दिसतोय." गुरुजींनी बांधाकडे पाहिलं. "आता मागे ये. माळी हा शब्द कुठल्या रोगाला वापरत?"

"कुठल्याही."

"कोशात तसं लिहिलंय?"

हेरंबने अहवाल या काखेतून त्या काखेत घेतला.

"हेरंब, तू चार कोश उघडलेस."

"झाड एकाएकी जळतं, वाळतं... पण कशानं, ते दिसत नाही. त्यांना वाटायचं, हवेतून काहीतरी वाईट येतं. अशा वेळी ते ब्लाइट म्हणायचे."

"हे तुझ्या कागदावर नाही."

"ते जुनं झालं, गुरुजी. आता अर्थ बदललाय."

रस्त्यावर जीपचा हॉर्न वाजला. ड्रायव्हरला सव्वाचारची आठवण करून द्यायला सांगितलेलं होतं.

"सही देता ना?"

गुरुजी उठले. "देतो. पण माझ्या मळ्यातही एक ओळ बिघडलीय. तुझं एवढं शिक्षण झालंय, बघून सांग. मग सही घे आणि जा."

ते त्याला अगदी मागच्या ओळीला घेऊन गेले. गोदाक्का बांधाबांधानं मागून आली. तिला कोणी बोलावलं नव्हतं, पण घर हातचं जायची वेळ आली की माणूस बोलावण्याची वाट पाहत नाही.

मागच्या ओळीतल्या वेली मलूल होत्या. पानं खाली लोंबलेली, कडा पिवळ्या. पुढच्या ओळी हिरव्यागार आणि ही एकच अशी.

हेरंबने एक पान उलटंपालटं केलं. दुसरं केलं. दहा-बारा वेलींवरून नजर फिरवली. आळीची पाहणीही त्यानं अशीच केली होती, एका सकाळीत.

"रोग आहे," तो म्हणाला.

"कशाचा?"

"ते शेतकी खात्यातले सांगतील. पण रोगट आहेत, हे उघड आहे."

"मग काय करावं?"

"काढून टाकाव्यात. नाहीतर बाकीच्या ओळींना लागेल."

गुरुजींनी कमरेचा विळा काढला आणि मूठ त्याच्यापुढे धरली.

"काप."

"मी?"

"ठरवलं तू. कापायचं कुणी?"

हेरंबने विळा घेतला. त्याचा हात जरा थांबला, हे मान्य करायला हवं. पण बांधावरून गोदाक्का पाहत होती आणि तिच्यादेखत त्याला कचरायचं नव्हतं.

तो वेलीच्या बुंध्याशी वाकला.

"सायेब, थांबा!" गोदाक्का ओरडली. "अवो, ती येल—"

गुरुजींनी हात वर केला. पदराचं टोक तिनं तोंडात धरलं.

विळा एकदाच फिरला.

वेल तुटली. वरचा भाग शेवग्यावर तसाच टांगून राहिला. खाली बोटाएवढा जाड बुंधा उरला... आणि त्याच्या कापलेल्या तोंडावर पाणी जमलं.

आतून वेल हिरवी होती. ताजी, धडधाकट हिरवी.



गुरुजी खाली बसले. त्यांनी बुंध्यावर अंगठा ठेवला. त्यांचे डोळे भरून आले आणि ते त्यांनी लपवले नाहीत.

"सतरा वर्षांची," ते म्हणाले.

"पण पानं... पानं तर पिवळी आहेत!"

"पाणी तोडलंय."

"कुणी?"

"मी. बारा दिवस झाले. या ओळीच्या वेली उतरवायच्या आहेत. वेल वर पोचली की तिला खाली घ्यायची, वळसे देऊन मातीत पुरायची आणि शेंडा पुन्हा वर चढवायचा. भरल्या पाण्याची वेल वाकवली तर मोडते. म्हणून आधी तिला तहानलेली ठेवतात. चार दिवसांनी पाणी सोडणार होतो."

"मग सांगितलं का नाहीत?" हेरंबचा आवाज चढला. "मी कापत होतो! तुम्ही समोर उभे होतात!"

"कशाचा रोग, असं विचारलं होतं मी. तू म्हणालास, ते दुसरं कोणी सांगेल."

हेरंबच्या हातात विळा तसाच होता. तो कुठे ठेवावा, हेही त्याला सुचेना. त्याला मेल्याहून मेल्यासारखं झालं होतं.

तेव्हा गोदाक्का बांधावरून खाली उतरली.

"सायेब, आता मी एक इचारू? आमच्या आळीचा नळ कवा बंद झाला?"

हेरंब तिच्याकडे पाहायला लागला. दिवसभरात पहिल्यांदाच.

"नळ?"

"गेल्या साली. नागपंचमीच्या आदल्या दिशी. नवा रस्ता करायचा म्हनून पाइप काढला. म्हनले, आठ दिसात जोडतो. चौदा म्हयनं झालं. रस्ता झाला, आमच्या उंबऱ्याच्या वर तीन फूट झाला. गटारीचं पानी आता घरात येतं आन् नळाचं येत न्हाई."

"पाणी टँकरनं..."

"प्यायला येतो टँकर. बांबू कशात भिजवायचा? भिजल्याबिगर बांबू चिरत न्हाई. हौदातलं पानी आमी दर चौथ्या दिशी बदलत हुतो. आता म्हयना म्हयना तेच ऱ्हातंय. हिरवं पडतं, वास मारतं. तुमी आलासा त्या दिशी नाकाला रुमाल लावून हौदाचा फोटू काढलासा. काढलासा का न्हाई?"

काढला होता. अहवालाच्या सातव्या पानावर तो होता. 'साचलेले पाणी, डासांची पैदास.' आठव्या पानावर तुंबलेली गटारं. नवव्यावर भिंतींची ओल. बाराव्यावर, 'वस्तीस नळजोडणी नाही.'

नळ तात्पुरता बंद करण्याचं पत्रही त्याच्याच टेबलावरून गेलं होतं. त्या दिवशी चाळीसेक पत्रं होती, आणि त्यानं चहा पिता पिता सगळ्यांवर सह्या केल्या होत्या. पत्र त्याला आता आठवलं. आठवत नाही, असं म्हणून सुटायची सोयही राहिली नाही.

हॉर्न पुन्हा वाजला. या वेळी दोनदा.

"आण तो कागद," गुरुजी म्हणाले. "सही देतो म्हणालो होतो."

"गुरुजी, राहू द्या."

"राहू कसं द्यायचं? मी नाही दिली तर दुसरा कुणी देईल. लोकांनी अर्थ विचारलाय, तो त्यांना मिळालाच पाहिजे. मागच्या कोऱ्या बाजूला लिही. तुझ्या अक्षरात."

हेरंब करंडी पालथी घालून तिच्यावर कागद ठेवून लिहायला बसला. गुरुजी सांगत गेले. शाळेत शुद्धलेखन घालायचे तसेच, एकेक शब्द सुटा करून.

"ब्लाइट... स्वल्पविराम... ज्या रोगाचं कारण... पाहिलेलं नाही... त्या रोगाला... इंग्रजीत दिलेलं नाव. पूर्णविराम."

हेरंबचं पेन 'पाहिलेलं नाही'वर अडखळलं. पण त्यानं लिहिलं. त्या अर्थात चूक काढता येत नव्हती. चारही कोशांत तसंच होतं.

गुरुजींनी खाली सही केली.

"काय लिवलं?" गोदाक्कानं विचारलं. "मराठीत हाय न्हवं? वाचा की."

हेरंबने वाचून दाखवलं.

ती म्हणाली, "म्हंजी आमास्नी काय झालंय, ते तुमास्नीच ठावं न्हाई?"



हेरंबने अहवाल उघडला. पहिल्या पानावरचा तो शब्द, ज्याच्यासाठी त्याचं कार्यालयात कौतुक झालं होतं, त्यानं खोडला. एकदा, आणि पुन्हा एकदा.

"पाचला हा द्यावाच लागेल, गुरुजी," तो म्हणाला. आवाजातला साहेब गेला होता. "रिकामी जागा ठेवून देता येणार नाही. तिथे काहीतरी लिहावं लागेल, नाहीतर मुख्याधिकारी जुनाच शब्द परत घालतील. तुम्ही द्या ना एखादा शब्द. इंग्रजी, मराठी, कुठलाही. मी तो लिहितो."

गुरुजी तुटलेली वेल शेवग्यावरून हळूहळू सोडवत होते. एकेक गाठ.

"गुरुजी... काय लिहू तिथे?"

"तारीख लिही. नळ बंद केलास ती."