उत्तर घेऊनच ये

"फौज नेऊन बहिणीला सासरहून परत आणली, तर त्यात पाप कसलं, बुवा?"

हैबतराजे मठाच्या दारात उभे राहूनच विचारत होते. पायांत जोडे तसेच होते. बाहेर घोड्यांवर खोगिरे चढली होती आणि सरदार हुकमाची वाट पाहत होते.

लिंबाजीबुवा चुलीपुढे भाकरी थापत होते. त्यांनी मान वर केली नाही.

"जोडे काढ. मग पाप-पुण्याचं बघू."

राजांशी असे बोलणारा मुलखात हा एकच माणूस उरला होता. राजांना आणि त्यांच्या धाकट्या बहिणीला, कमळजाबाईंना, मुळाक्षरे गिरवायला शिकवली ती यांनीच.

राजे जोडे काढून आत आले आणि त्यांनी शेल्यातून पत्र काढले.

"हे बघा. लग्नाला अजून वर्षसुद्धा झालं नाही, आणि त्यांनी तिचं तोंड बंद केलं."

"वाच."

"'दादासाहेबांस दंडवत. आता काही दिवस पत्र घेऊन जासूद पाठवू नये. तो आला की हातचं टाकून उठावं लागतं. आम्ही सुखरूप आहोत, काळजी नसावी.'" राजांचा आवाज चढला. "हातचं टाकून! म्हणजे कामाला जुंपलंय माझ्या बहिणीला."

"अक्षर कुणाचं?"

"तिचंच."

"कुठं थरथरलंय?"

राजांनी पत्र उजेडाकडे धरले.

"...नाही."

बुवांनी भाकरी उलटली.

"तुझा जासूद तिकडे किती दिवसांनी जातो?"

"रोज. एक परत यायच्या आत दुसरा निघतो. सक्त ताकीद आहे, उत्तर घेऊनच ये. ते मिळेपर्यंत तिच्या उंबऱ्यावरून हलायचं नाही. कारकुनाच्या हातचं चालत नाही, तिनं स्वतः लिहायचं."

हे सांगताना राजांची छाती फुगली होती. बहिणीवर इतकी माया करणारा भाऊ दुसरा दाखवा, असे त्यांचे म्हणणे असावे. माया मोठी होती यात शंका नाही. पण राजाची माया ती, तिच्यासोबत भालदार-चोपदार आलेच.

"पत्र आल्यापासून जेवला आहेस का?"

"घास उतरत नाही."

"मग आधी बस. उपाशीपोटी लढाई करता येते, विचार करता येत नाही."

बुवांनी ताट वाढले. बाजरीची भाकरी, भरीत, लसणाची चटणी. राजांनी पहिला घास मोडला.

"बरी झालीय भाकरी?" बुवांनी विचारले.

"छान झालीय."

राजांनी घास तोंडाजवळ नेला.

"खरंच छान? की माझं मन राखतोस?"

"खरंच, बुवा."

"नीट सांग. मीठ कमी नाही ना पडलं?"

"नाही."

"मागच्या खेपेपेक्षा बरी, की तशीच?"

राजांनी हात खाली घेतला. बुवा त्यांच्याकडे मोठ्या आशेने पाहत होते. एरवी बुवांच्या पंगतीला कुणी बोलले, तर ते डोळे वटारत. आज त्यांना काय झाले होते, कोण जाणे.

राजांनी पुन्हा घास उचलला.

"आवडतं ना तुला मठातलं जेवण? अजून आवडतं?"

"आवडतं."

"राजवाड्यातली पक्वान्नं खाऊन विसरणार नाहीस ना?"

"नाही विसरणार."

"मग तसं म्हण एकदा. तुझ्या तोंडून ऐकू दे."

"बुवा, मला जेवू तर द्या!"

...

चुलीतले लाकूड तडतडले. बुवांनी बाजूला पडलेले पत्र उचलले, उलगडले आणि राजांच्या ताटाशेजारी ठेवले.

राजांनी ते पुन्हा वाचले. या वेळी मनातल्या मनात वाचले, आणि सावकाश.

ताटातली भाकरी गार झाली.

"आईसाहेब गेल्या तेव्हा ती एवढीशी होती," राजे हलकेच म्हणाले. "माझं बोट धरल्याशिवाय झोपायची नाही. मला भीती वाटते, बुवा."

"तिला दुःख असेल याची?"



"...नाही. ती तिथं रमेल याची."

एवढे म्हणताना मुलूख जिंकणाऱ्या त्या माणसाचे डोळे भरून आले. त्यांनी ते लपवले नाहीत. लपवायला तिथे दुसरे कोणी नव्हते.

बुवांनी गार भाकरी काढून घेतली आणि तव्यावरची गरम वाढली. मग ते चुलीकडे तोंड करून बसले.

राजे जेवले. पोटभर जेवले. एकही शब्द कुणी काढला नाही.

हात धुऊन ते बाहेर गेले.

"खोगिरं उतरवा," त्यांनी सरदारांना सांगितले. "कुठं जायचं नाही. आणि आजचा जासूद निघाला असेल, तर त्याला वाटेतून परत बोलवा."

सरदार एकमेकांकडे पाहू लागले. एकजण घोडा घेऊन जासुदामागे धावला.

राजे जोडे घालून पायरी उतरले, आणि थांबले. परत वळून दारापाशी आले. मघाशी याच दारात फौजेची भाषा करणारा राजा आता चौकटीला धरून उभा होता.

"बुवा... तिला माझी आठवण येईल ना?"

बुवा निखाऱ्यांवर राख ओढत होते.

"येऊ देशील, तर येईल."